दुष्काळाचा आराखडा धरण भरलेल्या वर्षीच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाचा हंगाम सरत आला, की धरणे किती टक्के भरली याची बातमी वृत्तपत्रांत ठळकपणे येते. आकडा नव्वदीच्या पुढे गेलेला असला, तर पाण्याचा विषय पुढचे आठ-दहा महिने कोणाच्याच बोलण्यात राहत नाही. नेमक्या याच महिन्यांत शहराचा दुष्काळाचा आराखडा तयार व्हायला हवा, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. साठा आटू लागल्यावर केलेल्या आराखड्यात पाणीकपात, टँकर आणि घाईघाईने काढलेल्या निविदा यांखेरीज फारसे काही येऊ शकत नाही. गळती शोधून दुरुस्त करणे, सांडपाणी शुद्ध करून वापरात आणणे, भूजलाचे पुनर्भरण करणे किंवा दुसऱ्या खोऱ्यातून जलवाहिनी टाकणे यांपैकी प्रत्येक कामाला वर्षे लागतात आणि आटत्या धरणाकडे तेवढी वर्षे शिल्लक नसतात.

प्रथम या टक्केवारीविषयी. धरण किती भरले हे ती सांगते, पण ते पाणी किती दिवस पुरेल हे सांगत नाही. शंभर एकक उपयुक्त साठ्याच्या धरणावर वर्षाला साठ एकक पाणी लागणारे शहर अवलंबून असेल, तर आवक पूर्णपणे थांबली तरी भरलेले धरण वीस महिने पुरते; त्याच धरणावर दीडशे एककांची मागणी असेल, तर ते आठ महिन्यांत रिकामे होते. दोन्ही ठिकाणी बातमी मात्र सारखीच असते. शिवाय उष्ण व कोरड्या प्रदेशात जलाशयाच्या पृष्ठभागावरून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर उंचीचा थर केवळ बाष्पीभवनाने उडून जातो, आणि जलाशय जितका पसरट व उथळ, तितका साठ्याच्या मानाने हा तोटा मोठा. तळाशी साचणाऱ्या गाळाने क्षमता दरवर्षी थोडीथोडी घटत असते, तरीही जुन्या सर्वेक्षणातील क्षमतेच्या आधाराने टक्केवारी काढली जात राहते. हे सर्व वजा केल्यावर उरते ते शहराचे खरे पाणी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की धरणाने दरवर्षी किती पाणी देण्याचे वचन दिले आहे आणि ते वचन कितपत पक्के आहे. अभियंते याला विश्वासार्हता म्हणतात. पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेचे पाणी म्हणजे सरासरीने चार वर्षांतून एकदा पूर्ण न मिळणारे पाणी. सिंचनाच्या नियोजनात असे एखादे तुटीचे वर्ष धरूनच चालता येते. रुग्णालयांना, अग्निशमन दलाला आणि लाखो घरांच्या स्वयंपाकघरांना ते धरून चालता येत नाही. म्हणून शहराला पाणी आरक्षित करून देताना ते पंचाण्णव टक्के विश्वासार्हतेने मोजावे लागते, आणि ते तसे मोजले, की त्याच धरणातून मिळणारा आकडा बराच खाली येतो. अनेक शहरांच्या विकास आराखड्यांत लोकसंख्येचा अंदाज पुढील तीस वर्षांचा असतो, पण तिच्यासमोर मांडलेला पाण्याचा आकडा चांगल्या किंवा सरासरी वर्षाचा असतो. कागदावर जुळलेला हा ताळेबंद पहिल्या कोरड्या वर्षी कोलमडतो.

हा आकडाही ज्या नोंदींवरून काढला जातो, त्या नोंदी बहुधा थोड्या वर्षांच्या असतात आणि ती वर्षे कशी होती यावर सारे अवलंबून राहते. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या पाण्याची वाटणी १९२२ च्या कराराने झाली. त्या वेळी हाताशी असलेल्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या होत्या. पुढे झाडांच्या खोडांतील वर्तुळांवरून शतकानुशतकांचा प्रवाह अभ्यासला गेला, तेव्हा विसाव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षे असामान्य ओली होती हे स्पष्ट झाले. नदीत सरासरीने जितके पाणी असते त्याहून अधिक पाणी करारात वाटले गेले होते आणि त्या चुकीचे परिणाम सात राज्ये व मेक्सिको आजही सोसत आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहराचा अनुभव याहून सूक्ष्म आहे आणि नियोजकांनी तो जवळून पाहावा असे मला वाटते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्या भागातील पावसाळी महिन्यांचा पाऊस सुमारे पंधरा ते वीस टक्क्यांनी घटला. ही घट ऐकायला फार मोठी वाटत नाही. परंतु १९७५ पूर्वी शहराच्या धरणांत वर्षाला सरासरी ३३८ अब्ज लिटर पाणी येत असे. पुढच्या पंचवीस वर्षांत ती आवक जवळपास निम्म्यावर आली आणि २००० नंतर चौथ्या हिश्श्याच्या आसपास घसरली. याचे कारण समजण्यासारखे आहे. पावसाचे पहिले पाणी कोरडी जमीन शोषून घेते, त्यानंतरचे झाडे व पिके घेतात, खालावलेल्या भूजलाची भूक भागते, आणि या सर्वांना पुरून जे उरते तेच ओढ्यानाल्यांतून धरणाकडे वाहते. त्यामुळे पाऊस थोडा घटला तरी कात्री लागते ती सर्वांत शेवटी उरणाऱ्या या पाण्याला. ‘पाऊस सरासरीच्या ऐंशी टक्के झाला, म्हणजे धरणेही ऐंशी टक्के भरतील’ हा हिशेब म्हणूनच चुकतो आणि तो कोरड्या प्रदेशात अधिक चुकतो.

मग किती वाईट वर्षासाठी तयारी करायची? येथे साध्या गणिताचा आधार घ्यावा लागतो. पन्नास वर्षांतून एकदा येणारा दुष्काळ हे शब्द ऐकले, की तो आपल्या हयातीत येणार नाही असा समज होतो. प्रत्यक्षात अशा दुष्काळाची शक्यता दरवर्षी दोन टक्के असते आणि तीस वर्षांच्या आराखड्याच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे पंचेचाळीस टक्के भरते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या दुष्काळासाठीही हीच शक्यता सव्वीस टक्के आहे. इंग्लंडमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांनी २०४० च्या सुमारास पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या दुष्काळातही रस्त्यावरच्या सार्वजनिक नळांवर लोकांना आणावे लागणार नाही इतकी तयारी करावी असे उद्दिष्ट ठरवलेले आहे. तीस वर्षांत असा प्रसंग येण्याची शक्यता जेमतेम सहा टक्के. प्रत्येक शहराला हाच निकष परवडेल असे मी म्हणत नाही; आपण कोणता निकष स्वीकारला आहे हे शहराने जाहीर करावे, एवढीच अपेक्षा आहे. आज बहुतेक ठिकाणी हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो, आणि न घेतलेल्या निर्णयाची जबाबदारीही कोणावर येत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे उदाहरण अनेकदा दिले जाते, पण त्यातील बोध बहुधा अर्धवट सांगितला जातो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ते पाण्याबाबत बेफिकीर असलेले शहर नव्हते. मागणी आटोक्यात ठेवण्याच्या त्याच्या कार्यक्रमाला २०१५ मध्ये मोठ्या शहरांच्या हवामानविषयक जागतिक संघटनेचा पुरस्कार मिळाला होता. २०१४ च्या अखेरीस त्याची धरणे भरलेली होती. त्यानंतर २०१५, २०१६ आणि २०१७ असे सलग तीन हिवाळे कोरडे गेले. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. शहराचा जवळजवळ सगळा पुरवठा सहा मोठ्या धरणांवर होता. सहाही धरणे एकाच पर्जन्यप्रदेशातील होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक साठा एकट्या थीवॉटर्सक्लूफ धरणात होता. एकच कोरडे वर्ष या व्यवस्थेने सहज सोसले असते. सलग तिसऱ्या वर्षाचा विचार आराखड्यात पुरेशा गांभीर्याने झालेला नव्हता.

पुढचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. २०१८ च्या जानेवारीत शहराने ‘शून्य दिवस’ जाहीर केला. धरणांचा साठा साडेतेरा टक्क्यांवर आला, की घरोघरचे नळ बंद होतील आणि सुमारे दोनशे केंद्रांवर रांगेत उभे राहून माणशी रोज पंचवीस लिटर पाणी घ्यावे लागेल, असे सांगण्यात आले. १ फेब्रुवारीपासून माणशी पन्नास लिटरची मर्यादा लागू झाली. नागरिकांनी ती गांभीर्याने घेतली, महापालिकेने वाहिन्यांतील दाब कमी केला, मोठ्या वापरावर चढे दर लावले, आणि काही वर्षांपूर्वी दिवसाला एक अब्ज लिटरच्या वर असलेला वापर निम्म्याजवळ उतरला. आपले हंगामाचे पाणी शिल्लक असलेल्या शेतकऱ्यांच्या एका संघाने एक कोटी घनमीटर पाणी शहराकडे सोडले. जून महिन्यात पाऊस आला आणि तो दिवस टळला. नागरिकांच्या संयमाला द्यावे तितके श्रेय थोडेच आहे. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही, की वापर निम्म्यावर आणूनही ते शहर पावसाची वाट पाहत होते. आणखी एक हिवाळा कोरडा गेला असता, तर नागरिकांच्या हाती देण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, कारण गळती, दाब, बागा, गाड्या धुणे या सगळ्या ढिल्या दोऱ्या तोवर आवळून झाल्या होत्या.

यातून एक अडचणीचा प्रश्न निघतो आणि पाणीबचतीचे समर्थक तो फारसा बोलून दाखवत नाहीत. चांगल्या वर्षांत शहराने काटकसर करून पाणी वाचवले आणि ते नव्या वसाहतींच्या जोडण्यांना वाटून टाकले, तर दुष्काळाच्या वेळी शहर पूर्वीपेक्षा अधिक अडचणीत येते. वापर आधीच काटकसरीचा असल्याने आणखी कपात करायला वाव नसतो आणि अवलंबून असलेली माणसे मात्र वाढलेली असतात. बचत करूच नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. वाचलेल्या पाण्याचा ठरावीक हिस्सा दुष्काळासाठी धरणात किंवा भूगर्भात राखून ठेवला जाईल आणि नव्या बांधकामांच्या परवानग्यांना तो उपलब्ध असणार नाही, असा लेखी नियम हवा. पाणीपुरवठा विभागाने वाचवायचे आणि नगररचना विभागाने वाटायचे, या रीतीने कोणतेही शहर सुरक्षित होणार नाही.

दुष्काळाच्या आराखड्याचा गाभा म्हणजे आधीच ठरवलेल्या पायऱ्या. अमुक तारखेला साठा अमुक दिवसांपुरता उरला, की अमुक निर्बंध आपोआप लागू होतील, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. तारीख महत्त्वाची आहे, कारण हंगामाच्या अखेरीचा साठ टक्के साठा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावरचा साठ टक्के साठा यांत मोठे अंतर आहे. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताने २००८ मध्ये बार्सिलोनासाठी जहाजांतून पाणी आणण्याची वेळ अनुभवली. पुढे २०२० मध्ये तेथे दुष्काळाचा विशेष आराखडा मंजूर झाला आणि त्यात सामान्य स्थितीपासून आणीबाणीपर्यंतच्या पायऱ्या साठ्याच्या आकड्यांशी बांधल्या गेल्या. पुढच्या प्रदीर्घ दुष्काळात साठा सोळा टक्क्यांच्या खाली गेला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२४ रोजी बार्सिलोना परिसरात आणीबाणी लागू झाली आणि माणशी दोनशे लिटरची मर्यादा आली. दरम्यानच्या काळात उभारलेले समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रकल्प आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या आधारावर शहराने त्या वसंतातील पावसापर्यंत तग धरला. तेथेही वाद झालेच, आरोपही झाले. परंतु कोणत्या दिवशी काय करायचे यावर तेव्हा नव्याने घासाघीस करावी लागली नाही.

अशा पायऱ्या आधी ठरलेल्या नसल्या, की काय होते हे आपण सगळेच पाहतो. पाणीकपातीची घोषणा पुढे ढकलली जाते, कधी निवडणुकीसाठी, कधी सणासाठी, कधी ‘पुढच्या आठवड्यात पाऊस आहे’ या आशेवर. पहिल्या सहा महिन्यांत दहा टक्के कपात केली असती तर जे पाणी उरले असते, ते शेवटच्या महिन्यात पन्नास टक्के कपात करूनही मिळत नाही. कोणत्याही लोकप्रतिनिधीला अप्रिय निर्णय घेणे जड जाते, यात त्याचा दोष कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. तो निर्णय भरल्या धरणाच्या वर्षी, शांतपणे, सर्वांसमोर चर्चा करून, नियमाच्या रूपात घेऊन ठेवला, तर ऐन वेळी केवळ अंमलबजावणी उरते. कपात करताना कोणाचे पाणी प्रथम कमी होईल आणि कोणाचे अखेरपर्यंत राखले जाईल, हा क्रमही त्याच वेळी ठरला पाहिजे.

गळतीविषयी फार बोलले जाते आणि फार थोडे केले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले आणि नागरिकांच्या मीटरवर नोंदले गेलेले पाणी यांतील तफावत कित्येक शहरांत इतकी मोठी असते, की नव्या धरणाची मागणी करण्यापूर्वी तीच भरून काढावी. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हकडे पाहावे. युद्धाने आणि हिंसाचाराने मोडून पडलेल्या त्या शहरात १९९३ मध्ये तब्बल बहात्तर टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. त्या वर्षी पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे ‘एक सोन चान’ नावाच्या अभियंत्याकडे आली. प्रत्येक जोडणीला मीटर, बेकायदा जोडण्यांवर कारवाई, बड्या थकबाकीदारांकडूनही वसुली, जुन्या वाहिन्या बदलणे आणि कर्मचाऱ्यांना चांगल्या कामाचा मोबदला, अशा साध्या परंतु चिकाटीच्या मार्गाने पंधराएक वर्षांत ही तूट सुमारे सहा टक्क्यांवर आली आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. २००६ मध्ये सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे पैसा होता म्हणून हे झाले असे म्हणता येणार नाही. बाहेरून मिळालेल्या मदतीचा हिशेब चोख ठेवला गेला, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

दुष्काळाशी गळतीचा संबंध केवळ वाया जाणाऱ्या लिटरपुरता नाही. वाहिनीतील दाब कमी केला, की तिच्या भेगांतून झिरपणारे पाणीही साधारण त्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे विभागवार मीटर आणि दाबनियंत्रक व्हॉल्व्ह बसवलेल्या शहराला टंचाईच्या काळात एका आठवड्यात लाखो लिटर वाचवता येतात. ज्या शहराला आपल्या वाहिन्यांचा नकाशाच पुरता माहीत नसतो, ते एक दिवसाआड पाणी सोडण्याचा मार्ग पत्करते. त्यात बचत दिसते तेवढी होत नाही, कारण घरोघरी साठवण वाढते आणि नवे पाणी आले की जुने ओतून दिले जाते. त्यातच वाहिनी रिकामी असताना तिच्या भेगांमधून बाहेरचे घाण पाणी आत शिरते. टंचाईच्या मागोमाग कावीळ आणि जुलाब येतात ते याच वाटेने.

आता नव्या स्रोतांविषयी. मोठे धरण हे प्रत्येक शहराचे आवडते उत्तर असते आणि काही ठिकाणी ते योग्यही असेल. पण त्याच खोऱ्यात, त्याच ढगांच्या भरवशावर बांधलेले दुसरे धरण हा दुष्काळाच्या दृष्टीने दुसरा स्रोत ठरत नाही, कारण पहिले आटते त्याच वर्षी दुसरेही आटते. आराखड्यात स्रोतांची संख्या किती यापेक्षा, एक स्रोत आटला असताना कोणता चालू राहील याचे उत्तर हवे. त्या कसोटीवर सर्वांत विश्वासार्ह ठरणारा स्रोत आपण तुच्छ मानतो. शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते. पाऊस पडो वा न पडो, माणसे पाणी वापरत आहेत तोवर ते येतच राहते आणि शहर जितके मोठे, तितके ते अधिक असते.

नामिबियाची राजधानी विंडहोक हे शहर बारमाही नदीपासून शेकडो किलोमीटर दूर, रुक्ष पठारावर वसले आहे. तेथे १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळले जाते आणि २००२ मध्ये सुरू झालेला नवा प्रकल्प दिवसाला २१,००० घनमीटर पाणी देऊ शकतो. सिंगापूरने २००३ पासून असेच पाणी अतिशुद्ध करून प्रामुख्याने कारखान्यांना दिले आणि काही भाग जलाशयांत सोडला. पर्थने आपल्या आटलेल्या धरणांकडे पाहत बसण्याऐवजी २००६ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला मोठा प्रकल्प उभारला, २०११ मध्ये दुसरा, आणि शुद्ध केलेले सांडपाणी खोल भूस्तरांत भरण्याचा प्रयोग तीन वर्षे तपासून मगच २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू केला. हे पाणी लगेच थेट नळाला आलेच पाहिजे असे नाही. कारखाने, बांधकामे, बागा आणि शीतकरण यांना ते दिले, तरी तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी मोकळे होते. अनेक शहरांनी येथूनच सुरुवात करावी.

मात्र हे काम दुष्काळ पडल्यावर लोकांसमोर नेले, तर काय घडते हे ऑस्ट्रेलियातीलच टूवूम्बा या शहराने दाखवून दिले. धरणे आटत असताना, २००६ मध्ये, तेथे सांडपाण्याच्या पुनर्वापरावर मतदान झाले आणि सुमारे बासष्ट टक्के लोकांनी तो नाकारला. घाबरलेल्या माणसाला अशा वेळी शास्त्र समजावून सांगता येत नाही, आणि त्याच्या शंका चुकीच्या असल्या तरी त्या प्रामाणिक असतात. प्रयोगशाळेचे अहवाल दर महिन्याला खुले ठेवणे, नागरिकांना प्रकल्प आतून दाखवणे, तपासणीचा अधिकार स्वतंत्र संस्थेकडे सोपवणे, हे विश्वासाचे काम पाण्याने भरलेल्या वर्षांत करायचे असते.

याच्या दुसऱ्या टोकाची चूक मेलबर्नकडून शिकावी. १९९७ ते २००९ या दीर्घ दुष्काळात त्या शहराच्या धरणांचा साठा पाव हिश्श्याजवळ आला. वर्षाला दीडशे अब्ज लिटर पाणी गोडे करू शकणारा अवाढव्य प्रकल्प घाईने मंजूर झाला, तो २०१२ च्या अखेरीस पूर्ण झाला, आणि तोवर धारा कोसळून धरणे पुन्हा भरली होती. त्यातून पहिल्यांदा पाणी मागवले गेले ते २०१६ मध्ये. दरम्यान बंद प्रकल्पाचा खर्च नागरिक बिलांतून भरत राहिले. काहींच्या मते तो प्रकल्पच निरर्थक होता. मला तसे वाटत नाही, कारण विम्याचा हप्ता अपघात झाला नाही म्हणून वाया गेला असे आपण म्हणत नाही. परंतु त्याचा आकार आणि करार भीतीच्या दिवसांत ठरले, हे खरे आहे. एक घनमीटर समुद्राचे पाणी गोडे करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. असा प्रकल्प टप्प्याटप्प्याने वाढवता येईल अशा रीतीने, जागा, परवानग्या आणि समुद्रातील वाहिन्या आधी तयार ठेवून आखला, तर गरजेपुरताच टप्पा गरजेच्या वेळी उभारता येतो. अशीच आगाऊ तयारी म्हणून अमेरिकेतील लास व्हेगासने लेक मीड जलाशयातून पाणी उचलणारा तिसरा, अधिक खोल बोगदा २०१५ मध्ये पूर्ण केला आणि २०२० मध्ये त्यावर खोल पाण्यातून उपसा करणारे केंद्र बसवले. जलाशय इतका खाली गेला, की धरणातून पुढे पाणी सोडता येणार नाही, तरीही आपल्या शहरापुरते पाणी उचलता यावे, अशी ती सोय आहे. आपल्या उपसा केंद्राची पातळी मृतसाठ्याच्या, म्हणजे धरणाच्या तळाशी उरणाऱ्या व बाहेर सोडता न येणाऱ्या पाण्याच्या, किती वर आहे, हा प्रश्न प्रत्येक शहराने विचारण्यासारखा आहे.

भूजलाचे मोल दुष्काळात सर्वांत अधिक असते आणि त्याची उधळपट्टी सुकाळात सर्वांत अधिक होते. धरणातील पाण्याप्रमाणे ते उन्हाने उडून जात नाही. चांगल्या वर्षांत ते भरू द्यावे आणि वाईट वर्षांत उपसावे, हा साधा क्रम पाळायचा, तर खासगी विंधन विहिरींची नोंद, उपशाची मोजणी आणि पुनर्भरणाची सक्ती यांना पर्याय नाही. चेन्नईने २००३ मध्ये सर्व इमारतींना पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था बंधनकारक केली आणि आरंभी तिचा परिणाम दिसला. पण अशा व्यवस्थांची निगा राखली नाही, तर त्या कागदावर उरतात. २०१५ च्या महापुरात बुडालेल्या त्याच शहराचे चार प्रमुख जलाशय २०१९ च्या जूनमध्ये जवळपास कोरडे पडले आणि जुलैत रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यापूर्वी २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ते पाणी पोहोचवणाऱ्यांचे काम मोठे होते; पण रेल्वे ही शहराची पाणीपुरवठा योजना असू शकत नाही.

टंचाईचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही आराखड्यात लिहिले गेले पाहिजे. खोल विंधन विहीर आणि मोठी टाकी असलेल्या इमारतीला कपातीची झळ उशिरा लागते, ज्या वस्तीत नळच नाही तिला ती पहिल्या दिवसापासून लागते, आणि रांगेत उभे राहण्याचे तास बहुधा बायकांच्या व मुलींच्या वाट्याला येतात. माणशी किमान लिटर आधी राखून उरलेल्या पाण्यातून कपात करावी, असा नियम करता येतो. धरणाच्या वरच्या व खालच्या अंगाला असलेल्या शेतकऱ्यांशीही करार सुकाळातच व्हावा. कोरड्या वर्षी शेतीचे पाणी शहराने घ्यायचे असेल, तर त्याची भरपाई किती, ती किती दिवसांत मिळेल आणि त्या बदल्यात शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला किती मिळेल, हे आकड्यांत ठरलेले असावे. इस्रायलमध्ये सुमारे नव्वद टक्के सांडपाणी शुद्ध होऊन शेतीला जाते. अशी देवाणघेवाण असली, तर शहर आणि शेती एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहत नाहीत.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्या वृत्तपत्रालाच आहे. धरणसाठ्याच्या रोजच्या रकान्यात टक्केवारीशेजारी आणखी तीन आकडे छापावेत: मृतसाठा आणि बाष्पीभवन वजा जाता हा साठा आजच्या वापराने किती दिवस पुरेल, काल शुद्धीकरण केंद्रातून किती पाणी निघाले आणि त्यातील किती मीटरवर नोंदले गेले. पाणीपुरवठा विभागाकडे यांपैकी पहिले दोन आकडे असतातच; तिसरा नसेल, तर तो का नाही हे विचारता येईल. आणि सध्या साठा समाधानकारक आहे, म्हणून हे रकाने याच महिन्यापासून सुरू व्हावेत.

आपला विश्वासू,
पाणीपुरवठ्याच्या नियोजनाचा अभ्यास करणारा एक वाचक